देवीच्या पाठीमागची खोली

ग्रीक वास्तुकलेवरचे कोणतेही प्राथमिक पुस्तक उघडा, त्यात देवळाचा एक आराखडा हमखास भेटतो. मधोमध मूर्तीचे लांबट दालन, त्याला नाओस म्हणायचे. दालनापुढे दोन खांबांची ओसरी, ती प्रोनाओस. दालनामागे तशीच दुसरी ओसरी, ती ओपिस्थोदोमोस. पुढच्या ओसरीतून आत जायला दार असते. मागच्या ओसरीत शिरले तर बहुतेक ठिकाणी समोर नुसती भिंत येते. मग ती बांधली कशाला? पुस्तके सांगतात, समतोलासाठी. देऊळ पुढून जसे दिसते तसेच मागूनही दिसावे म्हणून. एवढे सांगून पुस्तक खांबांच्या प्रमाणाकडे वळते आणि मागची खोली मागेच राहते.

आराखड्यापुरते हे उत्तर ठीक आहे. अडचण सुरू होते ती आराखडा मिटून ग्रीक ग्रंथ उघडल्यावर. मी ग्रीक शिकले ती चाळिशीनंतर, नोकरी सांभाळून, व्याकरण आणि शब्दकोश शेजारी ठेवून. विद्यापीठातला माणूस एखादी संज्ञा ठाऊक आहे म्हणून पुढे जातो. माझ्यासारखीला कोशात दिलेले सगळे दाखले एकेक करून काढून बघावे लागतात. ओपिस्थोदोमोस या शब्दाचे दाखले असे काढत गेले तेव्हा त्यांत समतोल कुठेच सापडला नाही. पैसा सापडला. कुलपे, मोहरा, आग, तुरुंग, एक बेशिस्त पाहुणा आणि बरीच वादावादी सापडली. ज्या लोकांनी हा शब्द रोजच्या बोलण्यात वापरला त्यांच्या मनातली खोली आणि आपल्या पुस्तकातली खोली एकच आहे का, हा या लेखाचा प्रश्न.

आधी शब्दाविषयी. 'ओपिस्थेन' म्हणजे मागे, 'दोमोस' म्हणजे घर. सरळ अर्थ मागचे घर. मराठीत लिहिताना आपण नाओसला सवयीने 'गाभारा' म्हणतो आणि तिथून पुढचे सगळे चित्र बिघडते. आपल्या देवळात पूजा गाभाऱ्यात होते. ग्रीकांचा बळी, होम, मेजवानी हे सगळे देवळाबाहेर, उघड्यावरच्या वेदीपाशी. आतले दालन हे मूर्तीचे आणि तिला वाहिलेल्या वस्तूंचे घर. आपल्या गाभाऱ्याच्या मागे प्रदक्षिणेची वाट आणि भिंतीतले देवकोष्ठ असते, खोली नसते. ग्रीक देवळाला मागची खोली लागते, कारण देवाला घर दिले की त्याचे सामानही आले, आणि सामान आले की ते ठेवायची जागा आली. सिसिली आणि दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहतींनी मूर्तीच्या दालनाच्या आतच मागे एक बंद खोली काढली, तिला आदीतोन म्हणतात, म्हणजे जिथे पाऊल टाकायचे नाही अशी जागा. सेलिनुंतेच्या ज्या देवळाला अभ्यासक 'सी' हे अक्षर देतात, तिथे अशी खोली आहे. तिचे दार आतून आहे, मागच्या ओसरीचे तोंड बाहेरून. या दोन वेगळ्या कल्पना आहेत, आणि सोयीखातर दोन्हींना 'मागची खोली' म्हणून मोकळे होणारी पुस्तके कमी नाहीत.

आता अथेन्स. इथे हा शब्द सर्वाधिक भेटतो, आणि भेटतो तो दगडावर. एका सरदाराच्या घरातल्या नव्हे, नगराच्या सभेने केलेल्या ठरावात. कॅलियास नावाच्या माणसाने मांडले म्हणून त्यांना कॅलियासचे ठराव म्हणतात. साल साधारणपणे इ.स.पू. ४३४-४३३ मानतात. ठरावाचा आशय असा: अथेनासाठी तीन हजार टॅलंट ॲक्रॉपॉलिसवर नेऊन पोचते झाले आहेत, तेव्हा आता इतर देवांकडून नगराने उसने घेतलेले पैसे परत करावेत. त्या देवांसाठी वेगळे कोषाधिकारी नेमावेत. त्यांनी ओपिस्थोदोमोसची दारे अथेनाच्या कोषाधिकाऱ्यांबरोबरच उघडावीत, बरोबरच लावावीत, आणि मोहोरही दोघांनी मिळून करावी. अथेनाचा पैसा खोलीत उजवीकडे राहील, बाकीच्या देवांचा डावीकडे.

हा ठराव मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यातल्या भक्तीपेक्षा त्यातल्या अविश्वासाने मला थांबवले. दोन मंडळांनी एकमेकांसमोर कुलूप उघडायचे, ही कोणत्याही बँकेच्या तिजोरीची रीत आहे. देव धनको आहेत, नगर ऋणको आहे, आणि कर्जाचा व्याजासकट हिशेब दगडावर कोरून लोकांसमोर लावला जातो. तो हिशेब आजही वाचता येतो.

या पैशाचा आकार लक्षात घ्यायला हवा. थ्युसिडिडीजने पेरिक्लीजच्या तोंडी युद्धाच्या सुरुवातीचा, म्हणजे इ.स.पू. ४३१चा ताळेबंद घातला आहे: ॲक्रॉपॉलिसवर सहा हजार टॅलंट चांदीची नाणी शिल्लक आहेत, आणि वर्षाला सुमारे सहाशे टॅलंट मित्रराज्यांकडून येतात. एक टॅलंट म्हणजे साधारण २६ किलो. सहा हजार टॅलंट म्हणजे दीडशे टनांहून जास्त चांदी. एका टॅलंटचे सहा हजार द्राख्मा होतात, आणि त्या शतकाच्या अखेरीस एरेख्थेइऑनच्या बांधकामावर राबणाऱ्या कारागिराची दिवसाची मजुरी एक द्राख्मा होती. त्या डोंगरावर किती माणसांचे किती दिवस साठले होते, हे वाचकाने मांडून पाहावे. 'मित्रराज्ये' हा शब्दही जरा जपून घ्यायचा. पर्शियाविरुद्धच्या संघाची तिजोरी आधी डेलॉस बेटावर होती. ती इ.स.पू. ४५४ मध्ये अथेन्सला आणली गेली, आणि तेव्हापासून प्रत्येक खंडणीचा साठावा भाग अथेनाला जाऊ लागला. कोणत्या गावाने देवीला किती दिले याच्या याद्या दगडावर आहेत. ज्यांनी न देण्याचे ठरवले त्यांच्याकडे गलबते गेली.

पार्थेनॉन याच काळात उभे राहिले, इ.स.पू. ४४७ ते ४३२. पुढे, पूर्वेकडे, अथेनाची सोने आणि हस्तिदंताची मूर्ती. तिच्या अंगावरचे चाळीस टॅलंट सोने काढून घेता येईल असे बसवले होते, आणि अडचणीच्या वेळी ते वापरून परत करावे लागेल, असे पेरिक्लीजच सांगतो. मागे, पश्चिमेकडे, स्वतंत्र दार असलेले एक दालन, साधारण १३ मीटर बाय १९ मीटर, चार खांबांवर तोललेले. त्याच्याही मागे सहा खांबांची ओसरी, खांबांमध्ये जाळ्या लावल्याच्या खुणा असलेली. म्हणजे ही इमारत पुस्तकातल्या आराखड्यात बसतच नाही. तिला मागची ओसरीही आहे आणि मागची खोलीही. कोशकार ओसरीला ओपिस्थोदोमोस म्हणतात. कित्येक लेखक खोलीला म्हणतात. आणि ठरावातला पैसा दोन्हींपैकी सोयीच्या जागी ठेवून देतात.

कोषाधिकाऱ्यांच्या याद्या मात्र असे करू देत नाहीत. त्या इ.स.पू. ४३४ पासून मिळतात आणि सामान जागेवार लावतात: प्रोनाओसमधले, हेकातोम्पेदोसमधले (म्हणजे शंभर फुटी दालनातले), आणि 'पार्थेनॉन' नावाच्या जागेतले. संपूर्ण इमारतीला पार्थेनॉन म्हणण्याची पद्धत नंतरची. या याद्यांत ते एका खोलीचे नाव आहे. तिथे काय काय होते? चांदीची पात्रे, पर्शियन तलवारी, ढाली, खिओस आणि मिलेतोस घडणीचे पलंग, आसने, लायर. एखाद्या जुन्या वाड्यातल्या अडगळीच्या खोलीची यादी वाचावी तसे वाटते, फक्त अडगळ सोन्याचांदीची. चौथ्या शतकातल्या याद्यांत तर 'पार्थेनॉनमधून' आणि 'ओपिस्थोदोमोसमधून' ही दोन शीर्षके वेगवेगळी येतात. एकाच कारकुनाने एकाच दगडावर एका खोलीला दोन नावे दिली असतील, हे मला संभवत नाही.

मग ओपिस्थोदोमोस होते कुठे? १८८५-८६च्या सुमारास विल्हेल्म डोर्पफेल्टने पार्थेनॉन आणि एरेख्थेइऑन यांच्यामधल्या मोकळ्या जागेत एका जुन्या देवळाचा पाया ओळखला. पर्शियनांनी इ.स.पू. ४८० मध्ये जाळलेले अथेनाचे जुने देऊळ ते हेच. डोर्पफेल्टचे म्हणणे असे की, देऊळ जळाले तरी त्याचा पश्चिमेकडचा भाग, मागच्या खोल्या, दुरुस्त करून वापरात ठेवला गेला, आणि लोक त्याला नुसते 'मागचे घर' म्हणत राहिले, कारण पुढचे घर उरलेच नव्हते. यावर नेहमीचा आक्षेप डोळ्यांचा आहे. एरेख्थेइऑनच्या दक्षिणेला सहा स्त्रीमूर्तींनी छत पेलले आहे ती प्रसिद्ध ओसरी या जुन्या पायावरच चढलेली आहे. समोर काळवंडलेली जुनी खोली उभी असती तर तो शिल्पविलास कुणाला दिसला असता? आक्षेप वजनदार आहे. तरी तो करणारा माणूस ॲक्रॉपॉलिसकडे आजच्या प्रवाशाच्या डोळ्यांनी बघतो आहे, असे मला वाटते. देवळांनी, वेद्यांनी, पुतळ्यांनी आणि कोरीव दगडांनी गच्च भरलेल्या त्या माथ्यावर मोकळे दृश्य हा कुणाचा हक्क नव्हता. शिवाय विरामासारखा उभा राहिलेला जळका अवशेष अथेन्सवासीयांना नको होता असेही नाही. त्याच जळक्या देवळांचे खांब त्यांनी उत्तरेच्या तटात, खालच्या शहरातून दिसतील असे, मुद्दाम चिणले. पाचव्या शतकापुरती मी डोर्पफेल्टच्या बाजूची आहे. २०२० मध्ये एका डच अभ्यासकाने याहून पुढची उडी घेतली: 'पार्थेनॉन' ही खोलीच मुळात एरेख्थेइऑनच्या पश्चिम भागात होती, असे मांडले. त्याचे मत सर्वांना पचलेले नाही. पण एवढे घडले की, मागच्या खोलीचा प्रश्न शिक्कामोर्तब होऊन बंद झालेला नाही.

दगडांवरून नाटकाकडे येते. ॲरिस्टोफेनीसचे 'प्लुटोस' हे नाटक इ.स.पू. ३८८ मधले. संपत्तीचा देव आंधळा आहे म्हणून तो नालायकांच्या घरी जातो. त्याची दृष्टी परत आणली की जग सरळ होईल, अशी कल्पना. दृष्टी येते, माणसे श्रीमंत होतात, देवांना कुणी विचारीनासे होते, झ्यूसचा पुजारीसुद्धा उपाशी मरायला लागल्यावर नोकरी बदलतो. शेवटी मिरवणूक निघते ती या देवाला अथेनाच्या ओपिस्थोदोमोसमध्ये बसवायला, कारण पूर्वी तो तिथेच राखण करीत असे. नाटकाचे टीकाकार या शेवटाकडे गोड शेवट म्हणून बघतात. मला तिथला 'पूर्वी' ऐकू येतो. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स युद्ध हरले होते, खंडणी संपली होती, आणि प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येक प्रौढ माणसाला ती खोली भरलेली असतानाचे दिवस आठवत होते. विनोदी नाटकात पात्रांनी नाचत-गात रिकाम्या तिजोरीकडे जायचे! प्रेक्षक हसले असतील, पण कसे हसले असतील याचा विचार करावासा वाटतो. आणि हा विनोद चालायला एक अट आहे: ओपिस्थोदोमोस म्हटल्याबरोबर हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे पैसाच यायला हवा. खांबांची रचना येऊन भागणार नाही.

डेमोस्थेनीसच्या भाषणात तीच खोली जळालेली भेटते. तिमोक्रातीस नावाच्या माणसाने नगराच्या ऋणकोंना तुरुंगातून सवलत देणारा कायदा आणला, त्याविरुद्धचे हे भाषण, इ.स.पू. ३५३ मधले. डेमोस्थेनीस आठवण करून देतो की, ज्यांच्या कारकिर्दीत ओपिस्थोदोमोसला आग लागली ते देवीचे आणि इतर देवांचे, दोन्हीकडचे कोषाधिकारी खटला होईपर्यंत तुरुंगात होते. दोन्हीकडचे, हे लक्षात घ्यावे. कॅलियासच्या ठरावातले उजवे आणि डावे इथे एका कोठडीत येतात. उत्तरकाळातल्या एका भाष्यकाराने आगीचे कारणही दिले आहे: कोषाधिकाऱ्यांनी देवांचा पैसा गुपचूप सावकारांकडे व्याजी लावला, सावकार बुडाले, आणि तूट झाकायला आग लावली गेली. भाष्यकाराचा आधार काय ते तो सांगत नाही, म्हणून ही कथा पुरावा म्हणून मी वापरणार नाही. पण कथा कुणी रचली असली तरी ती रचायला त्या खोलीची कीर्ती कारणीभूत आहे.

आणखी पन्नास वर्षांनी तिथे माणूस राहायला आला. प्लुटार्कच्या डिमिट्रियस-चरित्रातला हा भाग चरित्रलेखन कसे करावे याचा वस्तुपाठ आहे. मॅसिडोनियन राजपुत्र डिमिट्रियस इ.स.पू. ३०४च्या हिवाळ्यात अथेन्समध्ये होता. खुशामतखोर नगरसभेने त्याला मुक्कामासाठी पार्थेनॉनचा ओपिस्थोदोमोस दिला. प्लुटार्क संतापत नाही. यजमानीण कुमारिका देवी, आणि पाहुण्याचे वागणे तिच्या घराला शोभणारे नव्हते, एवढेच म्हणतो. मग मध्येच दुसरी आठवण काढतो: डिमिट्रियसच्या धाकट्या भावाला लष्करी मुक्कामात तीन तरुण मुली असलेल्या घरी उतरवले होते, तेव्हा बापाने मुलाला काही न बोलता, त्याच्यादेखत, व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याला विचारले, माझ्या मुलाला या अडचणीच्या जागेतून हलवणार का? एवढे सांगून प्लुटार्क पुन्हा अथेनाच्या घरात येतो, आणि तिथे लामिया, ख्रिसिस, देमो ही गणिकांची नावे नुसती ओळीने ठेवतो. बाकीचे वाचकाने समजायचे. इथे शब्दाचाही प्रवास दिसतो. प्लुटार्क इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याच्या लेखी ओपिस्थोदोमोस 'पार्थेनॉनचा' झाला आहे. पाचव्या शतकात जे एका वास्तूचे विशेषनाव होते ते एव्हाना इमारतीच्या भागाचे नाव बनत चालले आहे. आपली पुस्तके हे उशिराचे नाव उचलतात आणि मागे पेरिक्लीजच्या काळावर डकवतात.

ऑलिंपियाला खोलीचा उपयोग अगदी वेगळा. झ्यूसच्या देवळाची मागची ओसरी खरोखरच पुस्तकी आहे: दोन खांब, मागे भिंत, दार नाही. पण बंद भिंत पाठीशी आणि समोर जत्रेचे मैदान असेल तर अशा जागेचे व्यासपीठ होणारच. ल्युशियन सांगतो की, हिरोडोटसने गावोगाव हिंडून वाचन करण्याचे कष्ट वाचवायला ऑलिंपियाची गर्दी गाठली आणि ओपिस्थोदोमोसमध्ये उभे राहून आपला इतिहास म्हणून दाखवला. ल्युशियन हिरोडोटसनंतर सहाशे वर्षांनी झालेला, त्यात थट्टेखोर. प्रसंग त्याने सजवलेला असणार. पण जागा त्याच्या डोळ्यांखालची आहे. पेरेग्रिनोस या तत्त्वज्ञाने इ.स. १६५ मध्ये खेळ संपल्यावर चितेत उडी घेतली, तेव्हा ल्युशियन तिथे हजर होता, आणि तो लिहितो की ओपिस्थोदोमोस त्या माणसाची निंदा आणि स्तुती करणाऱ्यांनी भरून गेला होता, प्रकरण हातघाईवर आले होते. त्यांच्या डोक्यावर हेराक्लीसच्या पराक्रमांपैकी सहा पाट्या होत्या: सिंह, जलसर्प, पक्षी, बैल, हरिणी, ॲमेझॉन. पक्ष्यांच्या आणि बैलाच्या पाटीचा मोठा भाग १८२९ मध्ये फ्रेंच मोहिमेने उकरून नेला. लूव्रमध्ये त्या बघताना त्यांच्याखाली कधीकाळी व्याख्याने आणि मारामाऱ्या होत होत्या, हे पाटीवर लिहिलेले नसते.

रोमनांविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यांनी ही खोली जवळजवळ टाकूनच दिली. त्यांचे देऊळ उंच जोत्यावर, पुढे जिना, मागे बहुधा भिंत. मागच्या भागाला लॅटिनमध्ये 'पोस्टिकुम' म्हणतात, आणि विट्रुव्हियस मारियसने बांधवलेल्या मान आणि शौर्य या देवतांच्या देवळाचे वर्णन करताना ते पोस्टिकुमविना आहे, अशी नोंद करतो. रोजच्या भाषेत हाच शब्द मागच्या दाराचा. होरेस एका वकील मित्राला जेवायला बोलावतो तेव्हा दिवाणखान्यात ताटकळणाऱ्या अशिलाला चुकवून त्याच दाराने निसट म्हणतो. देवाकडे पैसा ठेवायची सवय मात्र रोमनांनी सोडली नाही, फक्त तो मागून खाली नेला. सरकारी खजिना सॅटर्नच्या देवळात असे. इ.स.पू. ४९ मध्ये सीझर तिथे गेला, मेटेलस नावाच्या लोकप्रतिनिधीने अडवले, किल्ल्या मिळेनात, तेव्हा सीझरने लोहार बोलावले. कॅस्टरच्या देवळाच्या जोत्यात लहान लहान खण काढलेले आजही दिसतात. ज्युव्हेनल टोमणा मारतो की, सूड घेणाऱ्या मार्सला स्वतःचे शिरस्त्राणसुद्धा राखता आले नाही, तेव्हापासून लोक पैसे कॅस्टरकडे ठेवू लागले. हेड्रियनने व्हीनस आणि रोमा या दोन देवींना पाठीला पाठ लावून बसवले, तेव्हा एकीची मागची बाजू हीच दुसरीची झाली आणि प्रश्नच मिटला.

पार्थेनॉनच्या मागच्या खोलीचे पुढे काय झाले, ते पुस्तके आणखीच घाईने सांगतात. पाचव्या-सहाव्या शतकात देवळाचे चर्च झाले. कुमारिका अथेनाच्या जागी कुमारी मेरी आली. ख्रिस्ती वेदी पूर्वेला हवी, म्हणून मूर्तीकडचे पूर्वेचे दार बंद करून तिथे अर्धगोल कोनाडा बांधला, आणि लोक पश्चिमेकडून आत येऊ लागले. मधली भिंत फोडून दारे काढली. जिथे दोन मंडळे एकमेकांवर नजर ठेवून मोहरा करीत होती, असे निदान प्लुटार्कच्या वाचकाने मानले असते, ती खोली आता चर्चची देवडी झाली. हजार वर्षांच्या आसपास ही इमारत पश्चिमेकडून वापरली गेली, जितकी पूर्वेकडून कधीच वापरली गेली नव्हती. तुर्कांनी तिची मशीद केली, नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या मनोऱ्यावर मिनार चढवला, आणि व्हेनिसच्या सैन्याने वेढा घातला तेव्हा आत दारूगोळा साठवला. २६ सप्टेंबर १६८७ रोजी तोफगोळा त्यावर पडला. मधला भाग उडाला, पश्चिमेची बाजू बरीचशी उभी राहिली. तिथली शिल्पपट्टी १९९३ पर्यंत जागेवरच होती. मिनार एकोणिसाव्या शतकात पाडला. त्याच्याकडे चढणाऱ्या जिन्याचा खालचा भाग मागच्या ओसरीच्या कोपऱ्यात अजून आहे.